दहावर राहायचं, अकरा टाकायचं की लिनक्स? गावातल्या गेमिंग कॉम्प्युटरसाठी तुलना

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट मिळायचा काळ संपला. तेव्हापासून आर्णी, दिग्रस, दारव्हा या पट्ट्यातून जो कोणी डबा दुरुस्तीला आणतो, तो निघताना हमखास विचारतो, "भाऊ, अकरा टाकलं तं गेम बंद तं नाही पडंन ना?"

विचारतो ते रास्तच आहे. गावात घरी एकच कॉम्प्युटर असतो. रात्री त्यावर पोरगं व्हॅलोरंट खेळतं, दिवसा त्यावरच पोरीचा महाडीबीटीचा फॉर्म भरला जातो, सातबारा काढला जातो. तो आठ दिवस बंद पडला तर सगळ्या घराची कामं अडतात. आणि "टाकून द्या अकरा, काही होत नाही" किंवा "दहाच बेस्ट" असं एका दमात सांगणारे चौकात पुष्कळ आहेत. माझ्या अनुभवात एकाच गल्लीतल्या दोन घरांसाठी उत्तर उलटं निघतं. म्हणून मी आधी तीन गोष्टी विचारतो: कोणता गेम खेळता, प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे, आणि घरी लाईन, म्हणजे वीज, कशी राहते. विंडोजचा आकडा त्यानंतर.

आधी एक धास्ती काढून टाकू. विंडोजला कंपनीचा आधार (सपोर्ट) संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, गेमही बंद पडत नाहीत. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला होता, आणि स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने ७ ला सोडलं ते १ जानेवारी २०२४ ला. गेमवाले एवढ्या लवकर पाठ फिरवत नाहीत. थांबतात ते सुरक्षेचे अपडेट. विंडोजमध्ये नवं भगदाड सापडलं तर ते तुमच्या मशीनवर उघडंच राहतं. ज्या मशीनवर बँकेचं काम होतं आणि त्याच मशीनवर कुठून कुठून उतरवलेले मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या फायली) आणि क्रॅकही (कुलूप तोडून फुकट केलेली सॉफ्टवेअरं) चालतात, तिथे ही गोष्ट हलक्यात घेऊ नका.

दहावरच राहणं

मायक्रोसॉफ्टने घरगुती लोकांसाठी एक वाढीव वर्ष ठेवलं आहे. त्याला ईएसयू म्हणतात. यात १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, नवी सोय काही मिळत नाही. तीन वाटा आहेत: ३० डॉलर किंवा तेवढे रुपये भरा, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट द्या, नाहीतर विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज आपल्या खात्यात सिंक करा. तिसऱ्या वाटेला पैसे लागत नाहीत. पण तिन्हींना मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं आणि विंडोज १० चं २२एच२ हे शेवटचं व्हर्जन लागतं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक दिसते. सिंक करताना फक्त सेटिंग्ज चालू ठेवा, डॉक्युमेंट आणि फोटोंची फोल्डरं बंद करा. नाहीतर रोजचा दीड जीबीचा पॅक दुपारपर्यंत संपतो.

या पर्यायाला लोक फार कमी लेखतात. जुन्या मशीनवर हाच सगळ्यात बिनधोक पर्याय आहे. बायोसला (बोर्डातल्या मूळ सेटिंगला) हात लावावा लागत नाही, फॉरमॅट मारावा लागत नाही, गेम परत उतरवावे लागत नाहीत. डिफेंडर या विंडोजमधल्याच अँटीव्हायरसच्या व्हायरस-याद्याही दहावर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत. तेवढ्याने विंडोजची भगदाडं बुजत नाहीत, पण काहीच नसण्यापेक्षा ते बरं.

अडचण पुढची आहे. २०२६ ची दिवाळी आली की हा प्रश्न परत दारात उभा राहील. म्हणजे दहावर राहण्याने एक वर्ष विकत मिळतं. सोयाबीन गेलं, कापसाचा चुकारा हातात आला, मग बोर्ड-प्रोसेसर बदलू, असा ज्यांचा हिशेब आहे त्यांना हे वर्ष फार कामाचं आहे. ज्यांना मशीनवर एक रुपयाही घालायचा नाही, त्यांनी खाली लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या फुकट सिस्टिमचा, भाग वाचावा.

अकरा, नियमात बसणाऱ्या मशीनवर

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं. कागदावर त्याला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर घेणं) करू शकणारा यूईएफआय (नव्या पद्धतीच्या बायोसचा) बोर्ड, टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) आणि मंजूर यादीतला प्रोसेसर लागतो. साधारण हिशेब असा की इंटेलची आठवी पिढी आणि तिच्या पुढची, रायझनमध्ये २००० मालिका आणि तिच्या पुढची. रायझन २२००जी आणि २४००जी यांच्या नावात दोन हजार असलं तरी आतला गाभा पहिल्या पिढीचा आहे. म्हणून नावावर जाऊ नका, मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवून पाहा.

आणि ४ जीबी रॅमवर अकरा टाकायच्या फंदात पडू नका. नुसत्या कामाला ८ जीबी, गेमला १६ जीबी धरून चला. मशीन अजून हार्ड डिस्कवर चालत असेल, तर आधी एसएसडी (वेगवान डिस्क) आणि मग विंडोज. हार्ड डिस्कवर अकरा म्हणजे चालू होईपर्यंत चहा होतो आणि गेम उघडेपर्यंत कप विसळून होतो. मी तर म्हणतो, पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर विंडोज राहू द्या, एसएसडी घ्या.

आता खरं काम. आपल्याकडे खूप दिसणारं एक मशीन धरू: आय३-८१००, एच३१० बोर्ड, जीटीएक्स १६५० कार्ड. हे अकराच्या नियमात बसतं. तरीही हेल्थ चेक "चालणार नाही" असं दाखवतं आणि लोक घाबरून नवा बोर्ड पाहायला यवतमाळ नाहीतर अमरावती गाठतात. बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. बायोसमध्ये टीपीएम बंद असतं, आणि विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असतं.

टीपीएम नावाची वेगळी चिप शोधायची गरज नाही. इंटेलच्या बोर्डात ते पीटीटी नावाने आणि एएमडीच्या बोर्डात एफटीपीएम नावाने आतच असतं, फक्त चालू करायचं. दुसरं काम नाजूक आहे. लेगसी पद्धतीत डिस्क एमबीआर प्रकारची असते, यूईएफआयला जीपीटी लागते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये विंडोजच्या डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स उघडलं की डिस्क कोणत्या प्रकारची आहे ते लिहिलेलं दिसतं. एमबीआर असेल तर विंडोज १० मध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाची सोय आहे, ती डेटा न पुसता डिस्क बदलते. त्या डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ती अडते, म्हणून आधी तिची तपासणीची आज्ञा चालवावी. गेमची डिस्क वेगळी असेल तर तिला हात लावायचं कारण नाही.

क्रम पक्का लक्षात ठेवा. आधी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर, मग डिस्क जीपीटी, मग बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुनी लेगसी पद्धत चालवणारी सोय) बंद, मग पीटीटी आणि सिक्युअर बूट चालू. सीएसएम आधी बंद केलं तर विंडोज सापडतच नाही, काळा पडदा येतो आणि घरचे म्हणतात मशीन गेलं. मशीन गेलेलं नसतं. सीएसएम परत चालू केलं की सगळं जागेवर येतं. बायोसची खिडकीच दिसेनाशी झाली, तर प्लग काढा, बोर्डावरचा बटणासारखा सेल थोडा वेळ काढून परत बसवा, म्हणजे बायोस मूळ सेटिंगवर येतो. खूप जुन्या ग्राफिक कार्डांमध्ये यूईएफआयची सोय नसते. तेव्हा केबल कार्डातून काढून बोर्डाच्या पोर्टला लावली की आय३-८१०० च्या आतल्या ग्राफिक्सवर चित्र येतं.

एवढं झालं की दहावरूनच अकरा चढवता येतं. परवाना खरा असेल तर पैसे लागत नाहीत, गेम आणि फायली जागेवर राहतात. नाही जमलं तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधून परत दहावर जाता येतं, फक्त तोवर विंडोज डॉट ओल्ड हे फोल्डर साफ करू नका. चढवण्याआधी सी ड्राइव्हवर ३० जीबीच्या आसपास जागा मोकळी ठेवा.

फॉरमॅट मारून स्वच्छ टाकायचं असेल, तर दोन गोष्टी सांभाळा. होम आवृत्ती सुरुवातीलाच नेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागते. वायफायचा ड्रायव्हर नसेल तर मोबाईल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा, बहुतेक अँड्रॉइड फोन लगेच धरतात. दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे. अकराच्या २४एच२ या व्हर्जनपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने स्वच्छ टाकलेल्या अकरामध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते. पुढे बायोस बदलला की मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ऑनलाइन असते. पण खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने उघडलेलं असेल तर तुमचे फोटो आणि कागदपत्रं त्याच्या मर्जीवर. खातं स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मोबाईल नंबरवर उघडा आणि ते ४८ आकडे वहीत लिहून ठेवा.

अकरा, मागच्या दाराने

चौथ्या पिढीचा आय५, एच८१ बोर्ड, जीटीएक्स ७५० टीआय किंवा १०५० टीआय. हेही मशीन आपल्याकडे घरोघरी आहे. नियमात ते बसत नाही. पण रुफससारख्या साधनाने पेनड्राइव्ह बनवताना टीपीएमची अट काढून टाकता येते आणि अकरा बसतं. चालतंही. म्हणून "माह्या आय५ वर तं मस्त चालून रायलं" हे जो सांगतो तो खोटं बोलत नाही.

तरीही गेमिंगच्या मशीनवर मी हे करू नका असंच सांगतो, आणि कारण व्हॅलोरंट आहे. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड हे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर विंडोज ११ दिसलं की टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतं. विंडोज १० वर ही अट सरसकट नाही. म्हणजे जे पोरगं दहावर बिनबोभाट खेळत होतं, त्याच्या मशीनवर मागच्या दाराने अकरा घातलं की गेम व्हॅन ९००१ किंवा ९००३ चा एरर देऊन उभा राहतो. विंडोज नवं झालं आणि ज्यासाठी मशीन घेतलं तो गेमच गेला. माझ्याकडे "परत दहा टाकून द्या" म्हणून येणाऱ्यांमध्ये हे सगळ्यात जास्त असतात.

दुसरं, मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही. महिन्याचे अपडेट येत राहतात, पण वर्षाचं मोठं व्हर्जन आपोआप येत नाही. दरवर्षी परत आयएसओ (विंडोजची पूर्ण फाईल) उतरवा, परत पेनड्राइव्ह बनवा. शहरात फायबर असलेल्याला हे जमतं. ज्याच्या गावात टॉवरच्या दोन काड्या गच्चीवर येतात, त्याने हा उद्योग दरवर्षी अंगावर घेऊ नये.

फक्त ऑफलाइन गेम खेळणारा, स्वतः फॉरमॅट मारता येणारा आणि बँकेचं काम मोबाईलवर करणारा असेल, तर त्याने खुशाल करावं.

लिनक्स

लिनक्सवर गेम चालत नाहीत, हे बोलणं आता जुनं झालं. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं. ते विंडोजचे गेम लिनक्सवर चालवतं. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातातलं गेमिंग यंत्र त्याच्यावरच चालतं. एकट्याने खेळायचे स्टीमवरचे बहुतेक गेम आज लिनक्सवर नीट चालतात. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर थेट लिनक्ससाठीच बनलेले मिळतात. तुमचा गेम चालतो की नाही ते प्रोटॉनडीबी या साइटवर लोकांनी लिहून ठेवलेलं सापडतं.

चालत नाहीत ते ऑनलाइन गेम, ज्यांचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर लिनक्स नाकारतं. व्हॅलोरंट नाही, लीग ऑफ लेजेंड्स नाही, फोर्टनाइट नाही. एपेक्स लेजेंड्सने ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी लिनक्सला दार लावलं. जीटीए ५ ची कथा चालते, पण सप्टेंबर २०२४ पासून जीटीए ऑनलाइन चालत नाही. फ्री फायर खेळायला वापरतात ते ब्लूस्टॅक्सही लिनक्ससाठी नाही. घरातल्या पोराचा जीव यातल्या एकातही अडकला असेल, तर लिनक्सचा विषय तिथेच सोडा. त्याच्यावर जबरदस्ती लादून उपयोग नाही.

कार्डही पाहावं लागतं. सेकंड हँड आरएक्स ५७० किंवा ५८० असेल तर लिनक्सवर मजा आहे, ड्रायव्हर आधीच आत असतो. जीटी ७१० किंवा ७३० असेल तर नको. त्या कार्डांना प्रोटॉनच्या आजच्या आवृत्त्यांना लागणारी व्हल्कन १.३ ही ग्राफिक्सची सोय मिळतच नाही. अशा मशीनवर जुने ऑफलाइन गेम दहावरच बरे चालतात.

घरातल्यांसाठी लिनक्सच्या प्रकारांतलं लिनक्स मिंट सोपं पडतं. चेहरा विंडोजसारखा, फाईल साधारण ३ जीबीची. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, म्हणजे पुढची काही वर्षं हा प्रश्न मिटला. जुन्या आय५ वर ते हलकं चालतं. फॉर्म, सातबारा, यूट्यूब सगळं ब्राउझरमध्येच असल्याने आई-बाबांना फारसा फरक कळत नाही. पण घरात सेवा केंद्राचं काम असेल, आधारचं बोटाचं यंत्र किंवा डिजिटल सहीचं टोकन लागत असेल, तर विंडोज सोडू नका. त्यांची सॉफ्टवेअरं विंडोज धरूनच बनलेली असतात आणि ऐन गर्दीच्या दिवशी ती अडली तर रोजीरोटीचा प्रश्न होतो.

डी ड्राइव्हवरचे गेम लिनक्समध्ये जसेच्या तसे वापरू, हा समज पुष्कळांचा असतो. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरून प्रोटॉनचे गेम चालवताना कटकटी होतात. डिस्क लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करून गेम परत उतरवायचे, हेच खरं. जीटीए ५ एकटा १०० जीबीच्या वर जातो, तेव्हा नेटचा हिशेब आधी करा. लिनक्सवर स्टीम शेडर नावाच्या फायली वारंवार उतरवतं, तेही मोबाईल डेटावर असाल तर सेटिंगमधून बंद करा.

मला स्वतःला जुन्या मशीनसाठी एक मधली वाट फार पसंत आहे. एसएसडीवर मिंट, जुन्या हार्ड डिस्कवर आहे ते विंडोज १०. बँक, फॉर्म, ईमेल मिंटवर. गेमपुरतं दहा. दोन डिस्क वेगळ्या असल्याने एकीचा दुसरीला त्रास नाही, आणि चालू करताना बूट मेन्यूतून हवी ती निवडायची. ऑक्टोबर २०२६ नंतरही ही मांडणी चालत राहते, कारण पैशाचं कुठलंच काम दहावर होत नाही.

वेगात किती फरक?

यावर फार शब्द घालवण्यासारखं काही नाही. त्याच बोर्डावर, त्याच कार्डावर दहा आणि अकरा यांच्या एफपीएसमध्ये (सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्यात) बहुतेक गेममध्ये डोळ्याला दिसेल असा फरक पडत नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोर आले, त्यांना काम वाटून देणं अकराला जास्त चांगलं जमतं. एचडीआरवाला (उजेड-अंधार जास्त खुलवून दाखवणारा) मॉनिटर असेल तर ऑटो एचडीआर फक्त अकरामध्ये आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरांत यातलं काहीच नसतं.

एक सेटिंग मात्र बघा. नव्याने टाकलेल्या अकरामध्ये कोर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी चालू असते. ती सुरक्षेसाठी चांगली, पण गेमचा थोडा वेग खाते. इंटेलच्या सहाव्या पिढीपर्यंत आणि रायझनच्या पहिल्या दोन पिढ्यांत तिला लागणारी हार्डवेअरची सोय नाही, तिथे ती जास्त खाते. रायझन ५ २६०० असलेल्याला अकरा टाकल्यावर गेम अडखळतो असं वाटलं, तर आधी तिथे पाहावं. गेम खेळताना ती बंद करून नंतर चालू करा, असं मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये सांगितलं आहे. ज्या मशीनवर बँकेचं काम आहे तिथे मी ती चालूच ठेवतो. पाच-सात फ्रेमसाठी घरच्यांचे पैसे धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

ग्राफिक कार्डाच्या ड्रायव्हरबद्दलही एक गैरसमज आहे. एनव्हिडियाने जीटीएक्स ७५० टीआय, ९०० आणि १००० मालिकेला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं. पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे ड्रायव्हर येतील. हे दहा आणि अकरा दोन्हीला लागू आहे. त्यामुळे १०५० टीआयवाल्याला कोणी "अकरा टाका, कार्डाला नवे ड्रायव्हर मिळतील" म्हणालं तर ऐकू नका. जीटीएक्स १६५० यातून सुटलं आहे.

तसंच काही नवे गेम विंडोज कोणतं हे न बघता बोर्डच तपासतात. बॅटलफील्ड ६ ला सिक्युअर बूट लागतं. कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स ७ ला सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० दोन्ही लागतात, दहावर असलात तरी. असले गेम खेळायचे असतील तर जुन्या बोर्डाला विंडोजचा कुठलाच आकडा वाचवू शकत नाही.

लाईन आणि नेट

शहरातल्या तुलनांमध्ये हा भाग नसतो. आपल्याकडे निम्मा निर्णय इथेच होतो.

विंडोज चढताना लाईन गेली तर सहसा ते परत चालू झाल्यावर मागे फिरतं, म्हणजे निभावतं. डिस्क जीपीटी करताना गेली तर फायली अडकतात, आणि बायोस अपडेट करताना गेली तर बोर्डच मरू शकतो. म्हणून पहिला नियम: पीटीटीचा पर्याय मेन्यूत दिसत असेल तर बायोस अपडेटच्या वाटेला जाऊच नका. लोक हौसेने आधी बायोस अपडेट करतात, त्याची बहुतेक मशीनला गरजच नसते. एएमडीच्या काही बोर्डांवर एफटीपीएम चालू केल्यावर गेम मधूनच क्षणभर अडकायचा, त्यावर २०२२ मध्ये बायोस अपडेट आला. तसा त्रास प्रत्यक्ष होत असेल तरच करा.

करायचाच असेल तर यूपीएस हवा, आणि तो जिवंत हवा. घरोघरी ६०० व्हीएचा यूपीएस असतो आणि त्याची बॅटरी तीन उन्हाळे खाऊन मेलेली असते. मशीन चालू ठेवून, कुठला गेम नसताना भिंतीतला प्लग काढा आणि घड्याळ लावा. दहा मिनिटं टिकलं तर पुढे जा. इन्व्हर्टरवर विसंबत असाल तर त्यावर यूपीएस मोडचं बटण आहे का पाहा. साध्या मोडमध्ये लाईन बदलताना जो क्षण जातो तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो.

वेळही निवडा. गहू-हरभऱ्याच्या पाण्याच्या दिवसांत रात्री मोटारी चालू झाल्या की डीपीवरचं व्होल्टेज खाली येतं, बल्ब मंदावतात. गावठाण फिडर वेगळा झालेला असेल तर हा त्रास कमी असतो. पावसाळ्यात आभाळ भरून आलेलं असताना असलं काम काढू नका.

नेटसाठी हिशेब सोपा आहे. अकराची फाईल ६-७ जीबी धरा, वर ग्राफिक ड्रायव्हर जवळपास १ जीबी. तालुक्याला फायबर असलेल्या ओळखीच्या घरी १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून मीडिया क्रिएशन टूलने बनवून आणा, आणि घरी आल्यावर वायफायला मीटर्ड कनेक्शन लावा म्हणजे अपडेट गुपचूप डेटा खाणार नाहीत. कोणी दिलेली "अ‍ॅक्टिव्हेट करून ठेवलेली" विंडोजची फाईल वापरू नका. त्या क्रॅकमध्ये काय काय बसवलेलं असतं ते उघड्या डोळ्यांना दिसत नाही.

पैसे घालायचेच असतील तर

नवा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम घ्यायची घाई आत्ता करू नका. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव फार भडकले आहेत. बोर्ड डीडीआर४ चा असेल तर आहे ती डीडीआर४ रॅम वाचेल असाच जोड निवडा. आठव्या-नवव्या पिढीचा वापरलेला बोर्ड आणि प्रोसेसर मिळाला तर जुनं कार्ड, जुना डबा, जुना एसएमपीएस (पॉवर सप्लाय) तसाच चालतो. पण चौथ्या पिढीच्या बोर्डातली डीडीआर३ रॅम पुढच्या बहुतेक बोर्डांत बसत नाही, तो खर्च आधीच धरून ठेवा.

नागपुरात सीताबर्डीला किंवा अमरावतीला ऑफिसातून निघालेले डबे सध्या स्वस्त मिळत आहेत. त्यात सहाव्या-सातव्या पिढीचे आय५, आय७ फार दिसतात, आणि त्यामागचं कारणच हे आहे की ते अकराच्या यादीत नाहीत म्हणून कंपन्यांनी काढून टाकले. त्यावर मागच्या दाराने अकरा टाकून "विंडोज ११ वाला आय७" म्हणून पाटी लावलेली असते. छोट्या आकाराच्या डब्यात पूर्ण उंचीचं ग्राफिक कार्ड बसत नाही आणि त्यांचा पॉवर सप्लायही वेगळ्या मापाचा असतो. तेव्हा पट्टी घेऊन जा आणि डबा उघडायला लावा. मशीन तिथेच चालू करून प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा, सेटिंग्जमध्ये विंडोज अ‍ॅक्टिव्हेट आहे का पाहा. परवाना विंडोज ७ किंवा ८ च्या स्टिकरवरचा आहे असं सांगितलं तर तो धरू नका, त्या किल्ल्यांवर नवं विंडोज चालू करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये बंद केली. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी उघडा, सिक्युरिटी प्रोसेसरच्या माहितीत व्हर्जन २.० आणि खाली सिक्युअर बूट चालू दिसलं, तरच भावाचं बोलणं सुरू करा.